मृत साठा म्हणे!

मंडळी, परवा घरातच वाद झाला. पुतण्या म्हणाला, "काका, तळ्यात आता डबकंच उरलंय. मोटार लावून पाणी उपसू, जेसीबी उतरवू आणि सगळा गाळ एकदाच शेतात नेऊ." मी म्हणालो, "गाळ ने बाबा, पण पाणी उपसू नकोस." तो हसला. म्हणून हा लेखनप्रपंच!

मुखेडजवळचे आमचे हे मातीचे धरण १९७२ च्या दुष्काळातले. मधे काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगड. सुकडी आणि मिलो खाऊन लोकांनी पाट्या वाहिल्या. बांधले पिकासाठी, पाखरे मात्र न बोलावता आली.

कालव्याच्या दाराखाली जे पाणी उरते त्याला इंजिनिअर 'मृत साठा' म्हणतात. नावच चुकले! मे महिन्यात सारा जीव तिथेच एकवटतो. मरळ तिथे, भोई मंडळींनी सोडलेली बोटुकली तिथे, काठाला बगळे, टिटव्या आणि गावची म्हसरं.

गाळ काढायला माझा विरोध नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये आली, मुरमाड रानांना त्या मातीचा फायदाच होतो. पण यंदा अर्धे तळे, पुढल्या वर्षी अर्धे, असे का नको? काठ उभा कापला तर बगळ्याने उभे राहायचे कुठे? आणि भरावाच्या पायथ्याशी खोदले तर धरणच धोक्यात!

"माणसाला पाणी नाही, पाखरांचं काय घेऊन बसलात?" हा नेहमीचा प्रश्न. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच विचारतो, ऐन मे महिन्यात उपसलेले हे पाणी कोणाच्या घशात जाणार आहे? ट्रॅक्टरला वाट व्हावी म्हणून ते नाल्यात सोडणार ना?

कायदाही आपल्या बाजूने नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. गंमत पाहा, जायकवाडी माणसानेच बांधले, तिथे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. नांदूरमधमेश्वरचा बंधाराही सिंचनाचाच, त्याला रामसरचा मान मिळाला. मोठ्यांचे कौतुक, धाकट्याच्या नशिबी मोटार!

असो. ग्रामसभेत मी हेच बोलणार आहे. पुतण्या, तूही ये. विरोधात बोललास तरी चालेल, पण आधी एकदा पहाटे माझ्यासोबत तळ्यावर चल.