बाईक, पाऊस आणि शनिवारचं वॉशिंग

गेल्या जुलैमधली गोष्ट. रविवार संध्याकाळ, बावधनकडून चांदणी चौकाच्या दिशेने येत होतो. मागे बायको, वरून धो धो पाऊस. चढावर गाडीने एकदा आचका दिला, दुसऱ्यांदा दिला आणि सरळ बंद पडली. मागून ट्रक. त्याने करकचून ब्रेक मारला, जोरात हॉर्न दिला आणि दोन शिव्याही दिल्या असाव्यात, पावसात ऐकू आल्या नाहीत. आम्ही गाडी ढकलत कडेला घेतली. काही झालं नाही. पण बायको त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही, आणि आमच्या घरात हे लक्षण चांगलं नसतं.

एफआय गाडी असलेल्यांना एक आवाज पाठ असतो. चावी फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद "झूंऽऽऽ" येतं. तो फ्युएल पंप. त्या संध्याकाळी झूं आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. (कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तुमच्या कंपनीतही हेच होतं.) तासाभरात निकाल लागला. "सर, पंप गेला. असेंब्ली बदलावी लागेल." साडेसहा हजार. वॉरंटी? "पाण्याने झालंय सर, त्यात बसत नाही." पाण्याने झालंय हे त्यांना माहीत होतं, पण पाणी नेमकं कुठे गेलं होतं हे कुणी बघितलं नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग न वाचता सर्व्हर बदलायचा सल्ला!

मी गाडी परत घेतली आणि घराजवळच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. काकांनी टाकी उचलली, खालच्या बाजूला असलेला पंपाचा प्लग ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला. चारपैकी एका पिनवर हिरवा चुरा जमला होता, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारखा. पिन घासली, क्लीनर मारला, प्लग लावला. झूंऽऽऽ. दोनशे रुपये.

मग काकांनी विचारलं, "साहेब, वॉशिंग कुठं करता?"

इथे मला कबुली द्यायला हवी. मी दर शनिवारी गाडी प्रेशर वॉशिंगला नेतो, म्हणजे नेत होतो. कोपऱ्यावरचा पोरगा बंदुकीसारखा पाइप धरून टाकी आणि सीटच्या फटीत मनसोक्त पाणी मारायचा आणि मी शेजारी उभा राहून चहा प्यायचो. दोन वर्षं. म्हणजे दोषी पाऊस नव्हताच. पावसाने फक्त शेवटचा धक्का दिला.

आता जरा विषयाच्या आत जाऊ, कारण गंमत तिथेच आहे. वडिलांच्या चेतकला पंप नव्हता. पेट्रोल वजनाने खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरायचं, नाही उतरलं तर स्कूटर आडवी करायची. पावसात बंद पडली की प्लगची टोपी काढून रुमालाने पुसायची, एवढंच इलेक्ट्रॉनिक्स. हिरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ मध्ये आली तेव्हा एफआय म्हणजे अप्रूप होतं. मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि जवळजवळ सगळ्याच गाड्यांच्या टाकीत विजेचा पंप आला. तो साधारण तीन बार दाबाने पेट्रोल इंजेक्टरकडे ढकलतो. मोटर चक्क पेट्रोलमध्ये बुडालेली असते, त्याचं तिला काही होत नाही, उलट ती थंड राहते. पेट्रोल वीज वाहत नाही आणि टाकीच्या आत पेट घ्यायला पुरेशी हवा नसते. भानगड होते ती टाकीच्या बाहेर, प्लगमध्ये.

लहान बाईकचा पंप साधारण दोन-अडीच अँपिअर खेचतो. पिनवर गंज चढून एक ओहम जरी वाढला तरी बारातले दोन-अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात. पंप फिरतो, पण अशक्तासारखा. दाब पडतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर नसतो, त्यामुळे ईसीयूला वाटतं सगळं आलबेल आहे. गाडी शहरात चालते, चढावर दम टाकते. चेक इंजिनचा दिवा गप्प. सॉफ्टवेअरमध्ये याला आपण सायलेंट फेल्युअर म्हणतो आणि ज्याने ते लिहिलं त्याला रिव्ह्यूमध्ये सोलतो.

"पण कनेक्टर वॉटरप्रूफ असतो ना?" हो, असतो. मीही हेच म्हणायचो. पण वॉटरप्रूफ म्हणजे कशासाठी? आयपी६७ मधला ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. शांत पाण्यात. झोताच्या चाचण्या वेगळ्या, त्यांचे आकडे ५ आणि ६, आणि जवळून मारलेल्या गरम, जोरदार पाण्यासाठी ९. सातची परीक्षा पास झालेला भाग सहाची आपोआप पास होत नाही, स्टँडर्डमध्येच तसं म्हटलंय. युनिट टेस्ट हिरव्या आहेत म्हणून प्रॉडक्शनला काही होणार नाही, असं समजणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

त्यात आणखी एक गोष्ट मला काकांनी सांगेपर्यंत सुचली नव्हती, बारावीला फिजिक्स असूनसुद्धा. गाडी चालवून आणलेली असते, टाकीखालची जागा तापलेली असते. समजा प्लगमधली हवा सत्तर अंशांवर आहे. त्यावर पंचवीस अंशांचं पाणी मारलं की हवा साधारण तेरा टक्क्यांनी आकसते. म्हणजे प्लग स्वतःच पाणी आत ओढतो! सील थोडं जरी कडक झालं असेल तरी पुरे. आत गेलेलं पाणी मग बाहेर येत नाही, कारण सील त्याला बाहेरही जाऊ देत नाही.

हा फक्त स्वस्त गाड्यांचा रोग नाही. बीएमडब्ल्यूची आर १२०० जीएस ही जगभर फिरणाऱ्यांची लाडकी गाडी २००४ मध्ये आली. तिच्या पंपाचा कंट्रोलर पंपाच्या झाकणावर, टाकीतल्या एका खळग्यात बसवलेला. त्या खळग्यात पाणी साचायचं आणि कंट्रोलर कुजायचा. लांब जाणारे मालक कंट्रोलरला वगळून पंपाला थेट बारा व्होल्ट देणारी एक वायर सोबत ठेवू लागले. एवढी महाग गाडी, आणि कमी पडलं काय, तर पाणी निघून जायला एक वाट.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की यात सगळ्यात मोठा दोष वॉशिंगवाल्या पोराचा नाही, माझाही नाही (थोडा आहे). बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की प्रेशरने धुऊ नका, इलेक्ट्रिकल भागांवर झोत मारू नका. आणि त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं काम काय करतात? प्रेशर वॉशिंग. तेही गरम गाडीवर, कारण ग्राहक नुकताच चालवत आलेला असतो. बिलात ते "फ्री" म्हणून दाखवतात. स्वतःचं डॉक्युमेंटेशन न वाचणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत, पण त्यासाठी क्लायंटला साडेसहा हजार लावणारी ही पहिलीच.

दुसरी तक्रार सुट्या भागांची. मी काउंटरवर फक्त प्लगचं रबर सील आणि पिना मागितल्या. "असेंब्लीच येते सर." केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलंच आहे. पण काही रुपयांचं सील मिळत नसेल तर त्या राइटचं मी काय करू?

तोपर्यंत आपलं आपण. पावसाळ्याआधी प्लग उघडून बघावा, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून. सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस सीलवर पातळ लावावं. बाथरूमला लावतात ते व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन मात्र नको, त्यातल्या ॲसिडने तांबं आणखी लवकर खातं. इन्सुलेशन टेप गुंडाळू नये, ती पाणी अडवत नाही, साठवते. वायर प्लगच्या आधी थोडी खाली लोंबलेली असावी, म्हणजे ओघळ तिथूनच ठिबकून जातो. टाकीच्या झाकणाभोवतीचं बारीक भोक आणि त्याची नळी चिखलाने तुंबली नाही ना तेही बघावं. ती तुंबली की पाणी थेट पेट्रोलमध्ये जातं, तळाशी बसतं, आणि पंपाची गाळणीही तळाशीच. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी मुरून जातं, पण जास्त झालं की इथेनॉललाच सोबत घेऊन खाली उतरतं.

आणि गाडी पुरात बुडाली असेल तर "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवू नका. चावी फिरवताक्षणी पंपाला वीज जाते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. अशा वेळी आधी बॅटरी सोडवायची, मग टाकी रिकामी करायची, चावी सगळ्यात शेवटी.

मी आता शनिवारी बादली-मग घेऊन गाडी धुतो. सोसायटीचा वॉचमन हसतो. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला दिली तेव्हा जॉब कार्डवर "वॉशिंग करू नये" असं लिहायला लावलं. काउंटरवरच्या मुलाने दोनदा विचारलं, "पण सर, फ्री आहे."


संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो. चकाचक धुतलेली होती.