तीस दिवसांची मुदत

विरोधी नेते, वकील, उद्योजक अशा सुमारे ४० जणांना ट्युनिशियाची राजधानी ट्यूनिसमधल्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ६६ वर्षांपर्यंतच्या कैदेच्या शिक्षा ठोठावल्या. आरोप, राज्याविरुद्ध कट. तुरुंगातल्या प्रमुख आरोपींना तर न्यायालयासमोर उभेही केले नाही. पडद्यावरूनच हजर राहा, म्हणाले. हा न्याय नव्हे, सूड आहे.

याची सुरुवात तीस दिवसांच्या मुदतीने झाली होती. २५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी घटनेच्या आणीबाणीविषयक कलम ८० वर बोट ठेवून पंतप्रधानांना घरी पाठवले आणि तीस दिवसांसाठी संसद गोठवली. त्या काळात संसदेचे अधिवेशन अखंड चालू राहील, असे तेच कलम सांगते! सईद घटनेचे प्राध्यापक होते. कलम कळले नाही, ही सबब त्यांना नाही. महिनाभरात मुदत बेमुदत झाली. मग वटहुकमांचा कारभार, मग संसद बरखास्त, मग ५७ न्यायाधीश बडतर्फ, मग जेमतेम ३० टक्के मतदानावर नवी घटना. संसदेला विटलेले लोक त्या जुलैच्या रात्री रस्त्यावर नाचले होते, हे खरे. पण त्यांनी तीस दिवस दिले होते, देश नव्हे.

आणीबाणी कधी संपली, हे ती लादणाऱ्याने ठरवायचे नसते. २०१४ च्या घटनेने तो निवाडा घटना न्यायालयाकडे दिला होता. ते न्यायालय कधी स्थापनच झाले नाही. न्यायाधीशांच्या नावांवर पक्ष वर्षानुवर्षे भांडत बसले. अखेर संसदेने कायदा दुरुस्त केला, तर त्यावर सही करायला सईद यांनीच नकार दिला. दाराला कडी बसूच दिली नाही, आणि मग आत शिरले.

१७९३ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारकांनीही शांतता होईपर्यंत घटना बाजूला ठेवली होती. त्यांच्या लोकरक्षण समितीला अधिकार मिळत ते महिन्यापुरते, दर महिन्याला नव्याने. त्या महिन्यांनी हजारोंची मुंडकी उडवली. आपल्याकडच्या आणीबाणीला जून २०२५ मध्ये ५० वर्षे झाली. ‘अंतर्गत अशांतता’ या दोन शब्दांवर तेव्हा लाखभर माणसे गजाआड गेली. ते शब्द आपण १९७८ मध्ये घटनेच्या आणीबाणीच्या कलमातून काढले, कारण आपल्याकडे निवडणूक झाली आणि सत्ता बदलली.

२०११ मध्ये हुकूमशहा बेन अली यांना पळवून लावणाऱ्या ट्युनिशियात त्यांच्याशी लढलेलीच माणसे आज कोठडीत आहेत. या शिक्षा रद्द करा. त्यांना सोडा.