जमिनीत पुरलेला रांजण

पूर्वी आपण पेवात धान्य साठवीत असू. जॉर्जिया देशातली शेतकरी कुटुंबे द्राक्षाचा रस असाच जमिनीत ठेवतात. अंड्याच्या आकाराचा मातीचा रांजण, म्हणजे क्वेव्री, गळ्यापर्यंत पुरायचा आणि आतून मधमाश्यांचे मेण लावायचे. काखेती भागात रसात साली, बिया, देठही टाकतात; इमेरेती भागात ती बेतानेच. रस आंबला की तोंड बंद करून पाच-सहा महिने हात लावायचा नाही. भोवतालची माती तो थंड ठेवते. द्राक्षाची जात, रान आणि हात बदलला की चव बदलते.

सोव्हिएत काळात कारखान्यांना भरपूर माल हवा असे, तोही मोजक्या जातींचा. जुनी रीत घरच्या रांजणांनी जगवली. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाची वाइन बंद केली आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. नव्या बाजारात जायचे तर वेगळी चव हवी. ती या रांजणांत होती. २०१३ मध्ये युनेस्कोने ही रीत मानवी वारशाच्या यादीत घेतली.

तुम्ही वाइन करा, असे सांगणे नाही. पण गिऱ्हाईक एकच असले की भाव तोच ठरवतो. आपल्या रानाची चव कशात आहे, ते घरात बसून एकदा बोला.