तज्ज्ञाची साक्ष आणि न्यायासन

१ जुलै २०२४ रोजी १८७२ चा पुरावा कायदा इतिहासजमा होऊन भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला. त्याच दिवशी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे ठरविले असून त्याच्या सिद्धतेसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत अवधी दिला आहे. मारहाणीने कबुलीजबाब मिळविण्यापेक्षा रक्ताच्या डागास बोलते करणे केव्हाही श्रेयस्कर. म्हणून या बदलाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु प्रयोगशाळेतून येते ते सर्वच शास्त्र असते काय, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य महाराष्ट्रास तरी नवे नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका विद्यार्थिनीस खुनाबद्दल जन्मठेप सुनावली, तेव्हा इतर पुराव्याबरोबर तिच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या चाचणीचाही आधार घेण्यात आला. तिने डोळे मिटून काही वाक्ये ऐकावी आणि तिच्या मौनातून यंत्राने तिचा ‘अनुभव’ वाचावा, असा तो प्रकार! पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. आणि ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात, संमतीवाचून अशा चाचण्या करणे घटनाबाह्य ठरविले. तरीही पाटणा उच्च न्यायालयाने जामिनाच्या सुनावणीत नार्को चाचणीचा प्रस्ताव मान्य केलाच. तो रद्द करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयास जून २०२५ मध्ये पुन्हा तेच सांगावे लागले.

तथापि सेल्वीचा निर्णय मुख्यतः आरोपीच्या हक्कांवर उभा आहे. शास्त्राच्या खरेपणाची कसोटी आपल्या कायद्यात आजही नाही. जुने कलम ४५ काय किंवा नवे कलम ३९ काय, साक्षीदारास विशेष ज्ञान आहे की नाही एवढेच विचारते. ते ज्ञान स्वतः विश्वासार्ह आहे की नाही, हे विचारीत नाही. अमेरिकेत १९२३ साली फ्राय खटल्यात, शास्त्रज्ञांत सर्वमान्य नसलेली खोटे पकडण्याची चाचणी न्यायालयाने नाकारली. १९९३ च्या डॉबर्ट निर्णयाने तर न्यायाधीशासच द्वारपाल केले: पद्धतीची परीक्षा झाली आहे काय, इतर तज्ज्ञांनी ती तपासली आहे काय, तिच्यात चुकीचे प्रमाण किती, हे त्याने आधी पाहावे.

न्यायाधीश शास्त्रज्ञ नसतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याने प्रयोग करावयाचे नसून प्रश्न विचारावयाचे आहेत. आपल्याकडे मात्र संहितेच्या कलम ३२९ अन्वये कित्येक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल, त्यांची तोंडी साक्ष न होताही पुरावा म्हणून वाचता येतो. त्यांना बोलावणे न्यायालयाच्या इच्छेवर आहे. ज्या आरोपीस चांगला वकीलही परवडत नाही, त्याने त्या शिक्क्याच्या कागदाशी झगडावे कसे?

आमची मागणी साधी आहे. अहवाल वादग्रस्त असेल तेथे तज्ज्ञाची उलटतपासणी सक्तीची व्हावी, प्रत्येक अहवालात पद्धत व तिच्या चुकीचे प्रमाण नमूद असावे, आणि निर्धन आरोपीस सरकारी खर्चाने स्वतंत्र तज्ज्ञ मिळावा. तज्ज्ञ हा न्यायालयाचा साहाय्यक आहे. त्याला न्यायासनावर बसविणे हा विज्ञानाचा गौरव नव्हे आणि न्यायाचाही नव्हे.