यंत्र आले, माणूस कुठे आहे?

नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या दर्शनास खेड्याखेड्यांतून माताभगिनींची रीघ लागते. यांतील कितीजणींच्या तोंडात सकाळ-संध्याकाळ मिश्री असते आणि त्यांच्या गालाच्या आतील पांढरा चट्टा कोणी कधी पाहिला आहे काय, हा प्रश्न आमच्या नियोजनकर्त्यांना पडत नाही. त्यांना प्रश्न पडतात ते इमारतींचे, यंत्रांचे आणि कोनशिलेवरील नावांच्या क्रमाचे!

जालन्यास २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांत कर्करोगाचे डे केअर केंद्र उभारण्याची घोषणा केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली. स्वागतच आहे. परंतु यंत्र निविदा काढून विकत घेता येते. ते चालविणारा तंत्रज्ञ, किरणांची मात्रा ठरविणारा भौतिकशास्त्रज्ञ आणि केमोथेरपीचे औषध शिरेबाहेर गेल्यास मांस जळते हे जाणणारी परिचारिका निविदेतून मिळत नाही. डॉक्टरचे तर विचारूच नका. बारावीनंतर साडेपाच वर्षे, पुढे तीन आणि आणखी तीन! आज जालन्यात प्रवेश घेतलेला विद्यार्थी कर्करोगतज्ज्ञ होईतो एक तप लोटेल. तोवर अंबडच्या रुग्णाने काय करावे?

उत्तर आपल्याच घरात आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या महिलांना सुमारे महिनाभराचे प्रशिक्षण दिले. त्यांनी साध्या व्हिनेगरने गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ साली हे जगासमोर आले. पैसा अमेरिकेचा होता, देह आमच्या भगिनींचे. तुलनेसाठी हजारो जणींना तपासणीविना ठेवले गेले, हेही विसरता येत नाही. एवढे मोल देऊन मिळालेले ज्ञान मात्र अहवालातच राहिले. तिशीपुढील प्रत्येकाची तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१६ मध्ये काढली. आशाताईंच्या हाती आला तो प्रश्नावलीचा कागद!

आपणही थोडे आरशात पाहावे. एक दिवसाचे शिबिर, हार, छायाचित्र, वृत्त, आणि संशयित रुग्णाचा पाठपुरावा शून्य, याला सेवाकार्य म्हणायचे काय? तालुक्यातील वीस दहावी-बारावी झालेल्या भगिनी निवडून त्यांना प्रशिक्षण मिळवून देणे शाखेला अशक्य नाही.

आणि पुढच्या कोनशिलेच्या समारंभात मंत्रिमहोदयांना कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे : मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतील प्रशिक्षित किती?