सरासरीच्या उन्हावर हिशेब नको

छतावर सौर पॅनल बसवू पाहणाऱ्याला विक्रेता एक ठोकताळा सांगतो: एका किलोवॉटला दिवसाला चार युनिट. हा आकडा खोटा नाही. महाराष्ट्रात वर्षभराच्या विजेची बेरीज ३६५ ने भागली, तर उत्तर त्याच्या आसपासच येते. पण पुढे देखभाल, तक्रार आणि हमी यांचा सगळा व्यवहारही याच आकड्यावर चालतो. माझा विरोध आहे तो त्याला.

सरासरीचे समर्थक म्हणतात, प्रकल्प २५ वर्षांचा आहे, ऊन कधी कमी तर कधी जास्त पडणारच. मग रोजचे हवामान मोजण्याचा खटाटोप कशाला? उभारणीपूर्वीच्या अंदाजापुरते हे मला मान्य आहे. त्यासाठी ‘प्रातिनिधिक वर्ष’ वापरतात. जानेवारी एका सालचा, फेब्रुवारी दुसऱ्या सालचा, असे जुन्या नोंदींतून बारा महिने निवडून ते जोडलेले असते. पॅनल किती लावावेत, कर्ज किती काढावे, हे ठरवायला ते चांगले. पण जुलैत वीज पंधरा टक्के कमी आली, तर ती ढगांमुळे की पॅनलच्या बंद पडलेल्या एखाद्या साखळीमुळे (स्ट्रिंगमुळे), हे त्या जोडलेल्या वर्षाला कसे कळणार? त्याच जुलैत, त्याच जागी मोजलेले ऊन गणितात घातले, की अपेक्षित वीज निघते. मीटरशी ती ताडली की दोष कुणाचा ते दिसते. हे मोजमाप नसले, की ‘यंदा पाऊस फार झाला’ एवढ्यावर मालकाची समजूत घातली जाते आणि बिघाड दिवाळीपर्यंत तसाच राहतो.

मे महिन्यात याच्या उलट गोंधळ होतो. पॅनलवर छापलेली क्षमता चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सौरपेशीचे तापमान २५ अंश धरून ठरवलेली असते. चंद्रपुरात हवाच ४५ अंशांवर असते, तेव्हा पेशी ७० अंशांपर्यंत तापू शकते. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली, तर जवळजवळ १६ टक्के क्षमता उष्णतेतच गेली. वारा सुटला की पॅनल निवते आणि वीज वाढते. म्हणून उन्हासोबत हवेचे तापमान आणि वाऱ्याचा वेगही मोजावा लागतो. नाहीतर लख्ख उन्हात वीज कमी का, म्हणून धडधाकट पॅनलवर ठपका येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उपग्रहांवरून उन्हाचे आकडे मिळतातच, मग जमिनीवर यंत्रे कशाला? मोठ्या प्रदेशाच्या अभ्यासासाठी उपग्रह अमोल आहेत. पण नासाच्या ‘पॉवर’ या मोफत संग्रहात सौर प्रारणाचा एक चौकोन एक अंशाचा, म्हणजे आपल्याकडे सुमारे शंभर किलोमीटरचा. महाबळेश्वर आणि वाई एकाच चौकोनात बसतात! धुक्यात बुडालेला माथा आणि पर्जन्यछायेतले खोरे यांना एकच सूर्य वाटून देणारा आकडा वाईच्या छताचा न्याय करू शकत नाही. इतर संग्रहांचे चौकोन बरेच लहान असतात; तरीही जमिनीवरच्या मोजमापाशी ताडल्याशिवाय त्यांवर विसंबू नये.

मोजमापही नीट हवे. ऊन मोजणारा पायरॅनोमीटर पॅनलच्याच उतारावर बसवावा आणि त्याची काच नियमित पुसावी. साखर कारखान्याची राख पॅनल आणि यंत्र दोन्हींवर सारखीच साचली, तर यंत्र ऊनच कमी पडल्याचे सांगेल, गणित मीटरशी तंतोतंत जुळेल आणि धुळीने खाल्लेली वीज कधीच दिसणार नाही. निष्काळजीपणे घेतलेली नोंद म्हणूनच घातक. ती दोषावर पांघरूण घालते.

खर्चाचा मुद्दा उरतो. तीन किलोवॉटच्या घराने स्वतःचे हवामान केंद्र उभारावे, असे मी म्हणत नाही. हे सार्वजनिक काम आहे आणि त्याची परंपरा आपल्याकडे आहे. पुण्यात हवामान खाते १९५७ पासून प्रारण मोजत आले आहे. चेन्नईच्या पवन ऊर्जा संस्थेने २०११ च्या सुमारास पहिल्या टप्प्यात देशभर ५१ सौर प्रारण केंद्रे उभारली. तालुक्यागणिक असे एक केंद्र हवे आणि त्याच्या तासागणिक नोंदी ग्राहकाला विनामूल्य मिळायला हव्यात. शेतीच्या फीडरसाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सौर प्रकल्पात तर स्वतःचा पायरॅनोमीटर असलाच पाहिजे. आणि छतावरच्या छोट्या करारातही हमी ‘दिवसाला चार युनिट’ अशी न लिहिता, ‘मोजलेल्या हवामानानुसार निघणाऱ्या विजेच्या इतके टक्के’ अशी लिहून घ्यावी.