पडदा गोठतो तेव्हा

संगणक ‘हँग’ झाला, या एका वाक्यात घरोघरी अनेक निरनिराळ्या आजारांची बोळवण केली जाते. त्यांपैकी एक आजार विशेष फसवा आहे. पडदा जागच्या जागी थिजतो, क्षणभर काळा होतो, कधी पुन्हा उजळतो आणि कधी उजळतच नाही. दुकानाचा रोजमेळ अर्धवट राहतो, मुलाचा परीक्षेचा अर्ज भरता भरता हातचा जातो. मग कोणी व्हायरस शिरल्याचे निदान करतो, तर कोणी यंत्र जुने झाले म्हणून नवे घेण्याचा सल्ला देतो. पुष्कळदा यांतले काहीच खरे नसते. दोष असतो तो ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज यांच्यामध्ये बसलेल्या मध्यस्थ आज्ञावलीचा, म्हणजेच ड्रायव्हरचा. हा दोष बऱ्याच अंशी घरच्या घरी ओळखता येतो आणि अनेकदा विनाखर्च दूरही करता येतो. मात्र त्यासाठी उपायांचा क्रम पाळावा लागतो. घाईने केलेल्या उपायांत मूळ दोष तसाच राहतो आणि वर्षानुवर्षांचे हिशेब व छायाचित्रे मात्र गमावली जातात.

ड्रायव्हरचे काम दुभाष्याचे आहे. पडद्यावर काय दिसावे हे विंडोज ठरवते. ते प्रत्यक्ष रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. दोघांची भाषा वेगळी असल्यामुळे एकाची आज्ञा दुसऱ्याला कळेल अशा रूपात पोहोचवणारा कोणी तरी लागतो. दुभाष्याने चुकीचा अर्थ सांगितला किंवा तो मध्येच गप्प झाला, तर कार्ड दिलेल्या कामात अडकून पडते. बाकीचा संगणक जागा असतो, पण त्याचे चित्र आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

या दुभाष्याला विंडोजच्या घरात कोठे बसवावे, याचाही एक इतिहास आहे. १९९६ साली आलेल्या विंडोज एनटी ४.० मध्ये वेग वाढावा म्हणून चित्रविषयक यंत्रणा प्रणालीच्या थेट गाभ्यात नेण्यात आली. वेग मिळाला, पण ड्रायव्हरची एखादी चूक संपूर्ण संगणक पाडण्यास पुरेशी ठरू लागली. २००७ च्या जानेवारीत सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने ही रचना बदलली. ड्रायव्हरचे दोन भाग झाले आणि मोठा भाग गाभ्याबाहेर आला. त्याच वेळी एक पहारेकरीही नेमला गेला. त्याचे इंग्रजी नाव टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, संक्षेपाने टीडीआर.

या पहारेकऱ्याचा नियम सोपा आहे. कार्डाला दिलेले काम दोन सेकंदांत पुढे सरकले नाही, तर कार्ड अडकले असे तो धरतो आणि ड्रायव्हर नव्याने सुरू करतो. पडदा काळा होऊन परत येतो तो यामुळेच. विंडोज ७ मध्ये अशा वेळी कोपऱ्यात ड्रायव्हर थांबला होता व पुन्हा सावरला, अशा अर्थाची सूचना येत असे. एका मिनिटात असे पाचाहून अधिक वेळा घडले, किंवा कार्ड सावरलेच नाही, तर विंडोज बिघाडाचा पडदा दाखवून थांबते. त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ ही अक्षरे दिसतात.

व्हिस्टाच्या आरंभीच्या काळात या बदलाची किंमत अनेकांनी मोजली. अमेरिकेत गाजलेल्या ‘व्हिस्टा केपेबल’ खटल्याच्या निमित्ताने २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांतील २००७ च्या नोंदींनुसार व्हिस्टा कोसळण्याच्या घटनांपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी, १७.९ टक्के मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या आज्ञावलींशी आणि ९.३ टक्के एटीआयच्या ड्रायव्हरशी निगडित होत्या. आजचे ड्रायव्हर त्या मानाने पुष्कळ स्थिर आहेत. तरी दोषाचे स्वरूप तेच राहिले आहे.

पडदा गोठताच पहिली गोष्ट करावी ती म्हणजे थांबावे. दहा-पंधरा सेकंदांत पहारेकरी आपले काम उरकतो. तेवढ्यात चित्र परतले नाही, तर कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, किंवा चालू असलेले गाणे नीट ऐकू येत असेल, तर संगणक जिवंत आहे आणि बिघाड बहुधा चित्रापुरता आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. विंडोज १० व ११ मध्ये त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि उघडे असलेले काम सहसा जसेच्या तसे परत मिळते. दिवा मुळीच प्रतिसाद देत नसेल, किंवा एकच आवाज अडकल्यासारखा घुमत असेल, तरच चालू-बंदचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. तो शेवटचा उपाय आहे. त्याने न साठवलेले काम जाते.

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हिशेबाच्या फायली, छायाचित्रे आणि महत्त्वाची कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. विंडोजची बिटलॉकर ही कुलूपव्यवस्था चालू असेल, तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. पुढील उपायांत संगणक ती मागू शकतो आणि ती नसल्यास स्वतःच्याच फायलींचे दार बंद होते.

आता निदान. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ हा शब्द टंकून रिलायबिलिटी मॉनिटर उघडावा. त्यात दिवसवार बिघाडांची आणि नव्याने बसवलेल्या आज्ञावलींची नोंद एकाच पानावर दिसते. अधिक बारकावा हवा असल्यास इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिम नोंदींत डिस्प्ले या नावाखालील ४१०१ क्रमांकाची नोंद शोधावी; ड्रायव्हर थांबून सावरल्याची ती खूण आहे. महत्त्वाचा प्रश्न एकच : पहिला बिघाड कोणत्या तारखेचा आणि त्याच्या आदल्या दोन-चार दिवसांत काय बदलले? ड्रायव्हर बदलला होता, विंडोजचे अपडेट आले होते, नवा मॉनिटर जोडला होता की उन्हाळा सुरू झाला होता? उपायाची दिशा या उत्तरावरून ठरते.

बिघाड ड्रायव्हर बदलल्यानंतरचा असेल, तर जुन्याकडे परतावे. डिव्हाइस मॅनेजरमधील डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये कार्डाच्या नावावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, तेथून ड्रायव्हर आणि मग रोल बॅक ड्रायव्हर निवडावे. नवे ते नेहमीच उत्तम असे नसते. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला आपला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता. त्यामुळे काही संगणकांत कार्डाचा पंखा योग्य वेगाने फिरत नव्हता आणि कार्ड तापत होते. उलट ड्रायव्हर वर्षानुवर्षे बदललाच नसेल, तर नवा बसवणे इष्ट.

तो कोठून घ्यावा, याबाबत सावधगिरी हवी. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, आणि लॅपटॉप असल्यास प्रथम लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून तो घ्यावा. लॅपटॉपमधील कार्डांसाठी निर्माते अनेकदा खास फेरफार केलेला ड्रायव्हर देतात. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे आमिष दाखवणाऱ्या अनोळखी आज्ञावलींची गरज नसते. त्यांच्यासोबत नको त्या गोष्टी घरात शिरण्याचा धोका मात्र असतो.

नव्या ड्रायव्हरवर जुन्याचे अवशेष साचले असतील, तर वरवरची दुरुस्ती पुरत नाही. एनव्हिडियाच्या स्थापनेत ‘क्लीन इन्स्टॉलेशन’चा पर्याय असतो, एएमडीची स्वतंत्र क्लीनअप युटिलिटी आहे. त्यानेही न भागल्यास जाणकार मंडळी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर ही आज्ञावली सेफ मोडमध्ये चालवून सर्व अवशेष काढतात. हे काम करताना इंटरनेट तोडून ठेवावे, नाहीतर नवा ड्रायव्हर बसण्याआधीच विंडोज स्वतःहून दुसराच आणून बसवते.

सेफ मोडचा आणखी एक उपयोग आहे. त्यात कंपनीचा ड्रायव्हर बाजूला राहून मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर काम पाहतो. संगणक तेथे तासन्‌तास नीट चालला, तर संशय ड्रायव्हरवर किंवा कार्डावर पडणाऱ्या भारावर केंद्रित होतो. तेथेही गोठला, तर मेमरी, हार्ड डिस्क किंवा विद्युतपुरवठा तपासावा लागेल.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सूचनेत ज्याचे नाव येते तोच अपराधी असतो, असे नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची फाईल थांबली, एवढेच ती सूचना सांगते. ती का थांबली, हे सांगत नाही. धुळीने बुजलेला पंखा, वाळलेली थर्मल पेस्ट, खाचेत सैल बसलेले कार्ड, अशक्त झालेला पॉवर सप्लाय किंवा वेग वाढवण्यासाठी केलेले ओव्हरक्लॉकिंग, यांपैकी कशानेही कार्ड अडखळते आणि दोष मात्र दुभाष्याच्या माथी येतो. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात बंद खोलीतला संगणक अशा तक्रारी करू लागला, तर आधी तापमान पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या विभागात स्वतंत्र कार्डाचे तापमान दिसते. काम चालू असताना ते सतत ९० अंश सेल्सिअसच्या आसपास राहत असेल, तर ड्रायव्हर बदलत बसण्यापेक्षा संगणक बंद करून, वायर काढून, आतली धूळ साफ करणे श्रेयस्कर.

पडदा केवळ ब्राउझरमध्ये चित्रफीत पाहतानाच गोठत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहावे. चित्राचा भार कार्डावरून मुख्य प्रोसेसरकडे जातो आणि अनेकदा तेवढ्याने तात्पुरता तरी उतार पडतो. पहारेकऱ्याची दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत वाढवण्याचाही सल्ला दिला जातो. दीर्घ आकडेमोड करणाऱ्या त्रिमितीय चित्रकारांना तो उपयोगी पडतो. घरगुती संगणकात मात्र त्याने रोग बरा होत नाही, फक्त घंटा उशिरा वाजते.

कोणताही उपाय एका वेळी एकच करावा आणि दोन-तीन दिवस निरीक्षण करावे. ड्रायव्हर बदलला, धूळ काढली आणि विंडोजही नव्याने बसवले, तर संगणक सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही. आणि न कळलेला दोष पुन्हा उद्भवला की शोध पहिल्यापासून करावा लागतो. एका वहीत तारीख, त्या वेळी चालू असलेले काम, दिसलेली सूचना आणि केलेला उपाय अशा चार रकान्यांची नोंद ठेवावी. जमाखर्चाची शिस्त असलेल्या घरांना हे नवे नाही.

हे सारे करूनही पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटत राहिले, अथवा संगणक चालू होतानाच, विंडोज येण्याआधीच, चित्र विस्कटलेले दिसले, तर कार्ड स्वतःच निकामी होत असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा दुरुस्तीकाराकडे जावे, आणि ती वही सोबत न्यावी. ‘सारखा हँग होतो’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाला बहुधा विंडोज पुसून नव्याने टाकण्याचा किंवा नवा संगणक घेण्याचा सल्ला मिळतो. कोणत्या तारखेपासून, कोणत्या कामात, किती वेळाने आणि कोणत्या उपायानंतरही दोष टिकला, हे सांगता आले तर बोलणी नेमक्या भागावर येतात. मग कधी पंखा बदलून भागते, कधी पॉवर सप्लाय. दुरुस्तीला यंत्र सोपवण्यापूर्वी मात्र फायलींची प्रत घरात आहे ना, याची एकदा पुन्हा खात्री करावी. कार्ड बाजारात मिळते. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नसमारंभाची छायाचित्रे मिळत नाहीत.